आधी १०८, मग मुंबईला फोन!

महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर आजही अनेक घरांतले कर्ते पुरुष मुंबईला असतात. घरी सासू, सून आणि मुलं. अशा घरात एखाद्या सकाळी सासूबाईंचं तोंड अचानक वाकडं होतं, हातातला तांब्या गळून पडतो, बोलणं बोबडं येतं. ‘वारं गेलं गं!’ म्हणत शेजारीण तेल चोळायला घेते. सून म्हणते, ‘ह्यांना फोन लावते, मग बघू.’

मैत्रिणींनो, ही वेळ विचारत बसायची नाही. मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली, की दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देतात. तेही सीटी स्कॅन करून, मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. त्यात आपले घाटरस्ते, पावसाळ्यात दरडी. रस्ता आपल्या हातात नाही, पण घरात जाणारा तास नक्कीच आहे.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ची रुग्णवाहिका मोफत मिळते. फोनवर नुसतं ‘चक्कर आली’ म्हणू नका. ‘अर्धांगाचा झटका वाटतोय, अमुक वाजता सुरू झाला,’ असं सांगा. झोपेतून उठतानाच झालं असेल तर शेवटचं धडधाकट कधी पाहिलं, ती वेळ सांगा. सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन जवळात जवळ कुठे मिळेल ते विचारा, आणि पेशंट येतोय हे तिथे आधीच कळवायला सांगा. तोवर कुशीवर झोपवा. पाणी, चहा, गोळी काहीही देऊ नका. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. दहा मिनिटांत बरं वाटलं तरी दवाखाना टाळू नका.

विंचूदंशावर उपचार शोधणारे आपल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. विंचू चावला की मांत्रिक नको, दवाखाना गाठायचा, हे इथली माणसं शिकलीच ना? मग हेही शिकू.

आज रात्री ह्यांचा फोन आला की एवढंच ठरवून टाका: ‘घरात कुणाला असं झालं, तर मी आधी १०८ला फोन करणार. तुम्हाला गाडीत बसल्यावर कळवीन.’