साखरेचा पैसा, मसुदे आणि मौन

१९६७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आहार आणि हृदयविकार यांवरचा एक आढावा दोन भागांत छापून आला. लेखक हार्वर्डचे. आहारातली चरबी बदला, कोलेस्टेरॉल कमी करा, असा त्याचा सूर होता. साखरेकडे बोट दाखवणारे अभ्यास कच्चे ठरवून बाजूला सारले होते. संशोधनाला मिळालेल्या इतर मदतीची नोंद लेखात होती. साखर उद्योगाच्या ‘शुगर रिसर्च फाउंडेशन’नं दिलेल्या ६,५०० डॉलरची मात्र नव्हती.

ही गोष्ट जगासमोर यायला २०१६ साल उजाडलं. पेशानं दंतवैद्य असलेल्या क्रिस्टिन कर्न्स यांनी जुना पत्रव्यवहार धुंडाळला. फाउंडेशनचे संशोधन संचालक जॉन हिक्सन यांनी आढाव्याचा रोख आधीच सांगितला होता, त्यासाठी लेख पुरवले होते, मसुदेही पाहिले होते. मला पैशांहून हे मसुदे जास्त खुपतात. पैसे घेऊनही प्रामाणिकपणे लिहिता येतं. पण पैसे देणाऱ्यानं छपाईआधीच मजकूर वाचलाय, हे वाचकापासून लपवणं ही सरळ फसवणूक आहे.

उद्योगांचा पैसा घेणं तेव्हा सर्रास चालायचं आणि या संशोधकांची मतं आधीपासून तशीच होती, असा आक्षेप २०१८ मध्ये दोन इतिहासकारांनी घेतला. त्यात तथ्य आहे. हितसंबंध उघड करण्याचा नियम या नियतकालिकानं आणला तोच १९८४ मध्ये. तरीही त्या मतांचं वजन जोखायला वाचकाच्या हाती काहीच नव्हतं, हे उरतंच.

नियम आला, पण खुलासा लेखकाच्या मर्जीवर राहिला. खरा बदल अमेरिकेच्या २०१० च्या कायद्यानं केला: डॉक्टरांना काय दिलं, हे कंपन्यांनीच सरकारला कळवायचं. २०१४ पासून ही माहिती कुणालाही पाहता येते. २०१८ मध्ये न्यूयॉर्कचे नामवंत कर्करोगतज्ज्ञ होसे बासेल्गा यांच्या लेखांतले खुलासे पत्रकारांनी याच नोंदींशी ताडून पाहिले. कंपन्यांकडून मिळालेले लाखो डॉलर अनेक लेखांत सांगितलेलेच नव्हते. काही दिवसांत त्यांनी रुग्णालयातलं मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याचं पद सोडलं.

भारतात औषधांच्या विपणनासाठी २०२४ ची आचारसंहिता आहे. डॉक्टरचं नाव टाकून कुणाही रुग्णाला पाहता येईल अशी सरकारी नोंद मात्र नाही. ती व्हायला हवी, आणि ती भरण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर हवी.