चिखलातून डांबरावर येताना

ट्रॅक्टरला ब्रेकची पेडलं दोन असतात, एक डावं आणि एक उजवं. उजवं दाबलं की फक्त उजवं मागचं चाक थांबतं आणि ट्रॅक्टर त्या चाकाभोवती फिरतो. झाडीपट्टीतल्या बांध्या लहान. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी, कुरखेडा या धानपट्ट्यात चिखलणी करताना घडीघडी धुऱ्यापाशी वळावं लागतं, आणि केजव्हील, म्हणजे लोखंडी जाळीची चाकं, लावलेला ट्रॅक्टर चिखलात नुसत्या स्टेअरिंगने वळत नाही. म्हणून दोन्ही पेडलं एकत्र बांधणारी छोटी लोखंडी पट्टी ड्रायव्हर मोकळी करून ठेवतो. बांधीत हे बरोबरच आहे. रोवणी आटोपते, केजव्हील उतरतं, ट्रॉली लागते, ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर येतो आणि पट्टी मात्र तशीच लोंबकळत राहते. समोर ढोर आडवं आलं आणि घाईत पाय एकाच पेडलवर पडला, तर एक चाक जाम होतं, दुसरं फिरत राहतं आणि ट्रॅक्टर गर्रकन आडवा होतो. मागून भरलेली ट्रॉली ढकलत असतेच.

गावात जुन्या ट्रॅक्टरचा विषय निघाला की बोलणं पॉवर स्टेअरिंगवर जातं. महिंद्राचे ट्रॅक्टर 1963 पासून बनू लागले, स्वराज 724 आला 1974 मध्ये; त्या पिढीपासून पुढे कित्येक वर्षं आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर साध्या स्टेअरिंगचे होते. आता अशा ट्रॅक्टरला मिस्त्रीकडून पॉवर स्टेअरिंगचा किट बसवून घेतात. दिवसभर चिखलणी करणाऱ्याचे खांदे त्याने खरंच वाचतात, तो खर्च वाया जात नाही. पण त्यासोबत काय बदलतं, हे ड्रायव्हरला कुणीतरी समजावून सांगायला हवं.

साध्या स्टेअरिंगमध्ये हातापासून पुढच्या चाकापर्यंत लोखंडच असतं. बॉल जॉइंट झिजला की प्ले वाढतो आणि तो हाताला कळतो. पूर्ण हायड्रॉलिक स्टेअरिंगमध्ये मधला दुवा तेलाचा. पंप तेल दाबतो, सिलिंडर चाकं वळवतो, आणि टाय रॉड कितीही ढिला झाला तरी वर बोटाने फिरणारं स्टेअरिंग त्याची फारशी खबर देत नाही. म्हणून किट बसवलेल्या ट्रॅक्टरचे जॉइंट हाताने हलवून बघणं अधिक गरजेचं. इंजिन बंद पडलं तर स्टेअरिंग दगडासारखं जड होतं, तरी नेट लावून थोडं फिरवता येतं. तेल नेणारा होज फुटला तर तेही उरत नाही.

होजबद्दल आणखी एक. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये हवेचा दाब साधारण एक बार असतो; स्टेअरिंग पूर्ण वळवून धरलं की होजमधला दाब शंभर बारच्या आसपास जातो. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघणारी तेलाची धार कातडीत घुसते. गळती बोटाने चाचपू नये, पुठ्ठा धरून बघावी. धार कातडीत गेलीच, तर जखम कितीही बारीक दिसो, तडक दवाखाना गाठावा.

आता ब्रेकचा हिशेब. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते. पेडलवर जास्तीत जास्त 600 न्यूटन, म्हणजे साधारण 60 किलोचा भार दिला की ट्रॅक्टरचा वेग दर सेकंदाला सेकंदामागे 2.5 मीटरने उतरला पाहिजे, असा तिथला एक निकष. ताशी 25 किलोमीटरने जाणारा ट्रॅक्टर या दराने सुमारे 10 मीटरमध्ये थांबतो. हा झाला एकटा ट्रॅक्टर, आणि तोही नवा. त्याचं वजन दोन टन धरा आणि मागे धानाने भरलेली पाच टनांची ट्रॉली जोडा. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. दोन टनांसाठीच्या जोराने आता सात टन थोपवायचे, म्हणजे तेच अंतर 35 मीटरच्या घरात जातं. दहा मीटरला एक मीटर असा उतार लागला, तर ओझं खाली ओढणारा जोर ब्रेकच्या या जोरापेक्षाही जास्त भरतो. कोरचीच्या वाटेवर बेडगाव घाट उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारा ड्रायव्हर हाताशी असलेला सर्वांत मोठा ब्रेक, म्हणजे इंजिन, स्वतःच सोडून देतो.

त्यात जुन्या ट्रॅक्टरचे ब्रेक बहुधा ड्राय डिस्कचे. चिखलणीत सील कापलं की पाणी, गाळ आत जातो. मागच्या एक्सलचं तेल लायनिंगवर उतरलं की पेडल खाली जातं पण पकड लागत नाही. तेलात बुडालेल्या ब्रेकला चिखल तितका लागत नाही, मात्र हाऊसिंगचं तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं समजावं. दिवाळीनंतर धान आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्रावर जायला लागतं. त्याआधी एक दिवस मिस्त्रीला द्यावा. दोन्ही पेडलांचा फ्री प्ले सारखा करून घ्यावा, पट्टी लावावी, आणि मोकळ्या सपाट जागी हळू वेगात दोन्ही ब्रेक एकदम दाबून ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो का ते बघावं.

हे सगळं मी मनापासून लिहितो आहे, कारण रोवणीच्या दिवसांत या ट्रॉल्यांत बाया बसलेल्या असतात. वाट असते मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवरून, नाहीतर नहराच्या कडेने. 4 एप्रिल 2025 रोजी नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात शेतमजूर बायांना नेणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत गेला आणि सात जणींचा जीव गेला. स्वीडनने 1959 मध्येच नव्या ट्रॅक्टरला, तो उलटला तर ड्रायव्हरला वाचवणारी सुरक्षा-चौकट सक्तीची केली होती. आपल्या जुन्या ट्रॅक्टरवर ती क्वचित दिसते, आणि ट्रॉलीत बसलेल्यांना तर तिचा उपयोगही नाही. मजूर न्यायला वेगळी गाडी करावी, हेच खरं.

आणि रस्त्यात होज फुटलाच तर ड्रायव्हरने क्लच दाबू नये. थ्रॉटल कमी करावा, जोडलेली दोन्ही पेडलं हळूहळू दाबत जावं, आणि ट्रॅक्टर थांबेस्तोवर गिअर काढू नये.