टपाल निवडण्याची विद्या

गेल्या मार्गशीर्षांत एका रविवारीं आम्ही डोंबिवलीस एका स्नेह्यांच्या घरीं गेलों होतों. गृहस्थ पेन्शनर; मुंबईच्या कचेरींत पस्तीस वर्षें नोकरी करून आतां स्वस्थ बसलेले. त्या घरीं नेहमीं हंसणें-बोलणें चालावयाचें. त्या दिवशीं मात्र सारे गप्प होते. धाकट्या कन्येनें एका शिक्षणसंस्थेंत अध्यापिकेच्या जागेसाठीं अर्ज केला होता. मुलाखतीचें बोलावणें ई-मेलनें आलें, आणि वेळेवर आलें. पण तें 'स्पॅम' नांवाच्या फोल्डरांत जाऊन पडलें. घरच्यांच्या दृष्टीस पडलें तेव्हां मुलाखत होऊन नऊ दिवस लोटले होते. जागा दुसऱ्या कोणास मिळाली.

"यंत्रानें पोरीच्या तोंडचा घांस काढला," असें गृहस्थ म्हणाले. मुलगी कांहीं बोलली नाहीं. आम्हीं मागील सर्व प्रकार विचारून घेतला, आणि जें कळलें तें प्रत्येक घरानें ऐकण्यासारखें आहे. घरांतील सर्वांचा ई-मेलचा पत्ता एकच. त्याच संस्थेच्या प्रवेशाच्या जाहिराती वर्षभर त्या पत्त्यावर येत असत. गृहस्थ रोज सकाळीं चहा होतांच बसत आणि नकोशा प्रत्येक पत्रावर 'रिपोर्ट स्पॅम' हें बटण दाबीत. त्यांच्या समजुतीनें ती केराची टोपली होती. वस्तुतः तो यंत्रास रोज दिलेला धडा होता : या संस्थेचें कांहींएक या घरास नको. यंत्र आज्ञाधारक निघालें!

असला कचरा मुळांत येतो कां, हें प्रथम पाहूं. आपल्या देशांत १८५४ सालीं हलकें पत्र अर्ध्या आण्यांत कोठेंही जाऊं लागलें; १८७९ सालीं एका पैशाचें कार्ड निघालें. दर स्वस्त खरा, पण तो पैसा पाठविणाराच्या खिशांतून जाई. म्हणून लाखों घरीं निरर्थक कार्डें धाडण्याचें कोणाच्या मनांत येत नसे. ई-मेलांत हा न्याय उलटा झाला. पाठविणारास एक पत्र काय आणि दहा लक्ष काय, खर्च जवळजवळ सारखाच. निवडण्याची मेहनत मात्र घेणाराच्या माथीं. १९७८ च्या मे महिन्यांत गॅरी थ्यूर्क नांवाच्या अमेरिकन विक्रेत्यानें आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात एकदम सुमारें ४०० जणांस पाठविली. या प्रकाराचा आद्य पुरुष तोच मानतात. 'स्पॅम' हें नांव मूळचें डबाबंद मांसाचें. १९७० सालच्या एका इंग्रजी विनोदी नाट्यप्रवेशांत खाणावळींतील जवळजवळ प्रत्येक पदार्थांत तेंच घातलेलें दाखविलें आहे. त्यावरून नको तें पुन्हांपुन्हां पुढें येण्यास हा शब्द रूढ झाला. आमच्या सोवळ्या वाचक-भगिनींनीं नांवानें बिचकूं नये.

मुंबईस इंटरनेट सर्वांसाठीं खुलें झालें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं. पुढच्याच वर्षीं, ४ जुलै १९९६ ला, सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनीं अमेरिकेंत हॉटमेल ही फुकट टपालसेवा काढली. १ एप्रिल २००४ ला जीमेल आली. पेटी फुकट मिळाल्यानें ती घरोघर गेली आणि तिच्या मागोमाग कचराही गेला. तेव्हां चाळणीची गरज पडली.

आरंभींच्या चाळण्या अगदीं भोळ्या असत. 'लॉटरी' हा शब्द दिसला कीं पत्र अडवावें, असे ठोक नियम. ठकांनीं अक्षरांमध्यें ठिपके घातले कीं चाळणी फसे. २००२ च्या ऑगस्टमध्यें पॉल ग्रॅहॅम या अमेरिकन संगणकज्ञानें एका निबंधांत निराळी रीत लोकांपुढें मांडली. तिचें बीज टॉमस बेझ या इंग्लिश धर्मोपदेशकाच्या गणितांत आहे. तो १७६१ सालीं वारला आणि त्याचा निबंध १७६३ सालीं प्रसिद्ध झाला. रीत अशी : हव्या पत्रांचा एक ढीग, नकोशांचा दुसरा. कोणता शब्द कोणत्या ढिगांत किती वेळां येतो तें मोजावें, आणि नवें पत्र आलें कीं त्यांतील शब्दांवरून तें कोणत्या ढिगांतलें असण्याचा संभव अधिक, हें काढावें. आजच्या मोठ्या सेवा याखेरीज पाठविणाराची ओळख, त्याची आजवरची चालचलणूक आणि इतर लोकांच्या तक्रारी यांचाही विचार करतात. परंतु मर्म तेंच. ढीग आपण करतों. आपण पत्र चुकीच्या ढिगांत टाकलें कीं चाळणी चूक शिकते.

आपल्या घरीं तांदूळ निवडणारी बाई काय करते तें आठवावें. ती खडे काढते. पण सुपांतील कोंडा टाकण्यापूर्वीं त्यांत एकदां बोटें फिरवून दाणे जात नाहींत ना, हेंही पाहते. पत्रांच्या बाबतींत हें दुसरें काम आपण विसरतों. खडा दांताखालीं आला तर लगेच कळतो. कोंड्याबरोबर गेलेला दाणा कळतच नाहीं.

म्हणून पांच गोष्टी सांगतों. जीमेल बहुतेक घरीं आहे, म्हणून तिचेंच उदाहरण घेतों. पहिली गोष्ट, नकोसें पत्र आणि लबाडीचें पत्र यांत भेद करावा. ओळखीच्या दुकानाची वा संस्थेची जाहिरात नको असेल तर 'अनसबस्क्राइब' करावें. 'रिपोर्ट स्पॅम' हें अस्त्र ठकांसाठीं राखून ठेवावें, आणि ठकांच्या पत्रांतील कोणत्याही दुव्यास स्पर्श करूं नये. दुसरी, आठवड्यांतून एकदां स्पॅमचा फोल्डर उघडावा. तेथील पत्रें ३० दिवसांनीं आपोआप नष्ट होतात. चांगलें पत्र सांपडल्यास 'नॉट स्पॅम' दाबावें. तोही यंत्रास धडाच होय. तिसरी, नेहमीच्या शोधांत स्पॅममधील पत्रें दिसत नाहींत; म्हणून शोधून सांपडलें नाहीं म्हणजे आलें नाहीं, असें समजूं नये. चौथी, बँक, पेन्शन, मुलांची विद्यालयें, अर्ज केलेल्या संस्था यांच्या पत्त्यांसाठीं 'फिल्टर' करून त्यांत 'नेव्हर सेंड इट टु स्पॅम' ही खूण करावी. पांचवी, घरांतील प्रत्येक मोठ्या माणसाचा पत्ता स्वतंत्र असावा, आणि दुकानांत देण्याचा आणखी निराळा.

चाळणींतून खालीं आलें तें सारें शुद्ध, असेंही मानूं नये. बँकेच्या नांवानें ओ. टी. पी. मागणारें पत्र सरळ इनबॉक्समध्येंही येऊं शकतें. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावें.

कायदा आपलें रक्षण करील म्हणावें, तर त्याची कथा आपल्याच जिल्ह्याशीं निगडित आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ कलमांत त्रास देण्यासाठीं वा मूळ ठिकाण लपवून फसविण्यासाठीं पाठविलेल्या ई-मेलचा उल्लेख होता. त्याच कलमाचा आधार घेऊन नोव्हेंबर २०१२ मध्यें पालघरला, तेव्हां तें ठाणें जिल्ह्यांतच होतें, फेसबुकवरील मजकुरासाठीं दोन तरुणींस अटक झाली. देशभर ओरड झाली, आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानें तें कलम रद्द केलें. तें योग्यच झालें, असें आम्हांस वाटतें. चाळणी सरकारच्या हातीं गेली तर बोलणाऱ्याचें तोंडही तींतच अडकतें; ती घरीं असलेली बरी. मात्र ती चालविण्याची विद्या घरानें शिकली पाहिजे. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचें. पुस्तकें निवडून वाचण्याची गोडी ज्यांनीं लावली, अशा संस्थांनीं एखाद्या रविवारीं पत्रें निवडण्याचाही वर्ग भरवावा, अशी आमची सूचना आहे.

परवां पुन्हां डोंबिवलीस जाणें झालें. मुलीनें आपला स्वतंत्र पत्ता घेतला आहे आणि दोन ठिकाणीं नवे अर्ज केले आहेत. उत्तर यावयाचें आहे. गृहस्थ दर शनिवारीं तिला शेजारीं बसवून स्पॅमचा फोल्डर उघडतात. बटणावर बोट नेण्यापूर्वीं आतां ते तिला विचारतात, "हें नको ना गं तुला?"