टर्पेंटाइनची बाटली घरीच राहिली

तैलरंगांची पेटी घेऊन प्रवासास निघणाऱ्याच्या सामानात एक बाटली हमखास असते, आणि ती एकटी साऱ्या प्रवासाला पुरून उरते. तिचा प्रताप मला इंदूरहून पुण्यास जाताना एका रात्री पाहावयास मिळाला. झाकण सैल राहिले होते. मध्यरात्रीपर्यंत पिशवीतले टर्पेंटाइन झिरपून डबाभर वास सुटला. वरच्या बर्थवरचा दम्याचा एक लहान मुलगा खोकून खोकून बेजार झाला. त्याच्या आईने एक शब्दही न बोलता खिडकी उघडली. ती रागावली असती तर मला बरे वाटले असते. घरी परतल्यावर मनाशी ठरविले, की एक तर तैलरंग सोडावयाचे, नाही तर ही बाटली.

तैलरंग सुटणे कठीणच होते. इंदूरच्या मराठी घरांत हे वेड थोडेफार वारशाने येते. १९२७ साली द. दा. देवळालीकरांनी येथे चित्रकलेचे विद्यालय सुरू केले. ना. श्री. बेंद्रे तेथेच शिकले, आणि त्यांची आरंभीची निसर्गचित्रे पाहूनच आमच्या पिढीतल्या कित्येकांनी कुंचला हाती धरला. तेव्हा टर्पेंटाइनशिवाय तैलचित्र ही कल्पनाच कोणाला शिवली नसेल.

पण ते लागते तरी कशाला? दोनच कामांना: रंग पातळ करावयास आणि कुंचला धुवावयास. नळीतल्या रंगात रंगद्रव्य आणि तेल असते. त्याला बांधून ठेवणारे आणि वाळून पक्के करणारे द्रव्य म्हणजे हे तेलच, बहुधा जवसाचे. आपण ज्याची चटणी करतो तेच जवस. हे तेल उडून जात नाही. हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होते. टर्पेंटाइनचे उलट आहे. चित्र वाळले म्हणजे ते चित्रात उरत नाही. सगळे हवेत जाते, आणि ती हवा आपणच घेतो. बंद खोलीत दोन तास काम केले की डोके जड होते, डोळे चुरचुरतात. हातांना वारंवार लागले तर त्वचेवर खाजरे चट्टे उठतात, आणि एकदा अंगाला वावडे जडले की ते सहसा सुटत नाही. चिडाच्या राळेपासून निघते, म्हणून ते निरुपद्रवी असेल, या समजात मी स्वतः वीस वर्षे काढली.

दुकानदार आता बिनवासाचा स्पिरिट पुढे करतात. टर्पेंटाइनपेक्षा तो सौम्य आहे, उडतोही सावकाश. तथापि वास गेला म्हणजे वाफ गेली असे नव्हे. नाकाने इशारा देणे तेवढे बंद होते, आणि माणूस निर्धास्तपणे खिडकी लावून बसतो. संत्र्याच्या सालीपासून काढलेल्या द्रावकाचा सुगंध मोहक खरा, पण त्याचेही त्वचेला वावडे होऊ शकते. शिवाय प्रवासात आगीचा प्रश्न निराळाच. टर्पेंटाइनची वाफ सुमारे ३५ अंश सेल्सिअसलाच ठिणगीने पेट घेऊ शकते. माळव्यातला मे महिना आठवावा! विमानात ते नेता येत नाही, आणि रेल्वेच्या डब्यात असे ज्वालाग्राही पदार्थ नेणे १९८९ च्या रेल्वे कायद्याने गुन्हा आहे. हे मला त्या रात्री ठाऊक नव्हते. जवसाच्या तेलाचे तापमान मात्र २०० अंशांच्या वर गेल्याखेरीज त्याची वाफ अशी पेटत नाही.

म्हणून कुंचला तेलानेच धुवावा. प्रथम फडक्यात दाबून जेवढा रंग निघेल तेवढा पुसून काढावा. निम्मे काम येथेच होते. मग घट्ट झाकणाच्या लहान डबीतल्या तेलात बुडवून, काठावर दाबून पुन्हा पुसावा. असे दोन-तीनदा केले की पुढच्या रंगापुरता तो स्वच्छ होतो. उजळ रंगांना एक आणि गडद रंगांना एक असे वेगळे कुंचले ठेवले तर दिवसभरात धुण्याची वेळ फारशी येतच नाही. संध्याकाळी तळहातावर अंगाचा साबण घेऊन कुंचला कोमट पाण्यात फेस पांढरा येईपर्यंत चोळावा.

तेल जवसाचे किंवा करडईचेच असावे. स्वयंपाकघरातले शेंगदाण्याचे किंवा खोबरेल हाताशी असते, मोहही होतो. पण ती तेले वाळत नाहीत. कुंचल्यातून चित्रात उतरली तर तो भाग महिनोन्महिने चिकट राहतो. खाण्याचे शुद्ध केलेले करडईचे तेलही कुंचला धुण्यापुरतेच ठीक. रंगात मिसळावयाचे तेल चित्रसाहित्याच्या दुकानातूनच आणावे.

राहिले रंग पातळ करणे. पहिला थर द्रावकाने सैल करण्याऐवजी थोडासाच रंग घेऊन ताठ कुंचल्याने किंवा फडक्याने कॅनव्हासवर घासून पसरावा. बर्न्ट अंबर त्याला उत्तम, कारण तो लवकर वाळतो. वरच्या थरांत मग हळूहळू तेल वाढवावे. खालचा थर रुक्ष आणि वरचा तेलकट, हा जुना नियम येथेही सुटत नाही. मोडला तर पुढे भेगा पडतात. ज्यांना हे कष्टाचे वाटते त्यांच्यासाठी पाण्यात मिसळणारे तैलरंगही निघाले आहेत. त्यांच्या तेलातच पाण्याशी जमवून घेण्याची सोय केलेली असते. मला ते ओले असताना किंचित दुधाळ दिसतात, आणि पाणी फार घातले तर थर कमजोर होतो. पण लहान मुले असलेल्या घरी मी हेच रंग सुचवीन.

आता एक धोका, जो विष टाळण्याच्या नादात विसरला जातो. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते. तेलाने भिजलेल्या फडक्यांचा बोळा करून पिशवीत कोंबला, तर ती उष्णता आतच साठून बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. तेव्हा फडकी सुटी पसरून मोकळ्या हवेत वाळवावी, किंवा पाण्यात बुडवून पत्र्याच्या डब्यात बंद करावी. रंगांतही शिसे आणि कॅडमियम असू शकते, ते तेलाने नाहीसे होत नाही. जेवणापूर्वी हात धुवावेत, आणि कुंचल्यांचे रंगीत पाणी नदीत सोडू नये.

हे शेवटचे वाक्य लिहिताना महेश्वरचा घाट डोळ्यांपुढे आहे. मागच्या हिवाळ्यात बाटलीशिवाय प्रथमच तेथे गेले. पहिल्या सकाळी हात सारखा टर्पेंटाइनच्या जागी जाई. दगडी पायऱ्यांचा करडा रंग मनाजोगता पातळ होईना, आणि चिडून मी चित्र खरवडून टाकले. दुसऱ्या दिवशी रंग कमी घेतला आणि घासला जास्त. ऊन पडलेली पायरी आपसूक उजळ राहिली. चार दिवसांत तीन लहान चित्रे झाली. धर्मशाळेच्या त्या खोलीत आम्ही दारे-खिडक्या लावून झोपलो आणि कोणाचेही डोके दुखले नाही. कठड्यावर ओळीने पसरलेली रंगीत फडकी पाहून आमचे यजमान म्हणाले, "ही बाहेरची कलाकृती आतल्यापेक्षा बरी दिसते!" परतताना ओली चित्रे समोरासमोर ठेवली, चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे घालून दोरीने बांधली, आणि तेलाची डबी पिशवीत उभी ठेवली. तिचे झाकण मात्र मी तीनदा तपासले.