परगावी खटला झाला तर

कोल्हापूरच्या गृहस्थाची मोटार बेळगावनजीक एका सायकलीस घासते. माणूस सुखरूप बचावतो. तथापि बेदरकारपणे वाहन हाकल्याचा गुन्हा नोंदला जातो. खटला चालावयाचा तो बेळगावासच, आणि कागदपत्रे बहुधा कानडीत. गावचा वकील कितीही नामांकित असो, येथे कानडी व मराठी दोन्ही जाणणारा तेथलाच वकील गाठावा.

भारतीय न्याय संहिता, २०२३, कलम २८१ अन्वये शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजाराचा आकडा ऐकून ‘कबूल करून मोकळे होऊ’ असे पुष्कळांस वाटते. परंतु कबुली दिली की दोषी ठरण्याचा मार्ग मोकळा झाला. ज्याचे पोट वाहन चालविण्यावर आहे, त्याने तर वकिलाशी बोलल्यावाचून ती देऊच नये.

वकिलांस जाहिरातीची मनाई असल्याने चौकशी ओळखीपाळखीनेच होते, आणि ते एका परीने बरेच! सनद आहे ना पाहावे, फी आरंभीच ठरवावी. ‘सुटलात तरच द्या’ असा सौदा नियमबाह्य आहे. ऐपत नसेल त्याने तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांस व कोठडीतील माणसांस त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.