हरवलेला अंक निघालाच नव्हता

एका जुन्या रहस्यकथा मासिकाचा नोव्हेंबरचा अंक मी चार वर्षं शोधत होतो. पनवेलच्या रद्दीवाल्यांपासून मुंबईत फोर्टच्या फुटपाथपर्यंत सगळीकडे विचारून झालं. ऑक्टोबर होता, डिसेंबर होता, मधला तेवढा नाही. शेवटी माझ्या सूचीत ‘अनुपलब्ध’ असा शेरा मारला. पुढं एकदा ऑक्टोबरचा अंक चाळताना आतल्या पानावरची बारीक अक्षरं दिसली : ‘अंक १० व ११’. दिवाळीचा जोडअंक! नोव्हेंबरचा अंक कधी निघालाच नव्हता.

तेव्हापासून मुखपृष्ठावर विश्वास ठेवत नाही. एक तर ते जागेवर असेलच असं नाही. भाड्यानं पुस्तकं देणारे ते फाटलं की सरळ खाकी कागद चढवत. आणि असलं, तरी नाव बदलतं. १९२० साली निघालेलं ‘किर्लोस्कर खबर’ १९२९ मध्ये नुसतं ‘किर्लोस्कर’ झालं. अमेरिकेत १८८२ साली मुलांसाठी निघालेलं ‘गोल्डन आर्गसी’ १८८८ मध्ये ‘आर्गसी’ झालं आणि १८९६ पासून स्वस्त, खरखरीत कागदावर फक्त कथाच छापू लागलं. सूचीत अशी नावं ‘क’ खाली, ‘ग’ खाली, ‘आ’ खाली विखुरली, की वाचकाला वाटतं, एक मासिक बंद पडलं आणि दुसरं सुरू झालं. म्हणून आधी वर्ष आणि अंक पाहायचा. क्रम पुढं चालू असेल तर मासिक तेच. नाव तेच राहून पुन्हा ‘वर्ष १, अंक १’ आलं, तर मात्र मालक बदलला का, हे तपासायचं. १८६७ च्या कायद्यानं मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापणं सक्तीचं केलं होतं, ते इथं फार उपयोगी पडतं.

शं. ग. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी नियतकालिकांची सूची केली, पण ती १९५० पर्यंतची. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा, अनंत अंतरकरांचं ‘नवल’, यातलं बरंचसं त्यानंतरचं. कागद तर हातात घेताच तुटतो.

सध्या माझ्याकडे दोन बिनमुखपृष्ठाचे अंक आहेत. एकात क्रमशः कादंबरीचं सहावं प्रकरण आहे, त्यावरून महिना लागला. दुसऱ्याचं शेवटचं पानही नाही. तुमच्या माळ्यावर असे गठ्ठे असतील, तर रद्दीत घालण्यापूर्वी ते पान आहे का, एवढं पाहा.