ग्लँड गळतेय? जरा गळू द्या!

पंपाच्या ग्लँडमधून, म्हणजे शाफ्ट बाहेर येतो त्या जागेतून, पाणी ठिबकताना दिसलं की हात आपोआप पान्याकडे जातो. थांबा! आतली ग्रॅफाइटची दोरी फिरत्या शाफ्टला घासत असते. ते थेंबच तिचं वंगण आणि तेच तिला थंड ठेवतात. नट करकचून आवळलात की दोरी जळते, मोटर जास्त अँपिअर ओढते आणि शाफ्टवरच्या स्लीव्हवर नखाला लागेल असा चरा पडतो.

दोरीऐवजी बसवतात त्या मेकॅनिकल सीलची गंमत वेगळी. त्यात दोन चकत्या, बहुधा एक कार्बनची, दुसरी सिलिकॉन कार्बाइडची. एक शाफ्टबरोबर फिरते, दुसरी जागची हलत नाही. स्प्रिंग त्यांना एकमेकींवर टेकवून धरते. मधे पाण्याचा पापुद्रा असतो, साधारण १ मायक्रॉन किंवा त्याहूनही पातळ. आपला केस ७०-एक मायक्रॉन! म्हणून चकतीचा सपाटपणा हेलियमच्या उजेडात, काचेखाली दिसणाऱ्या पट्ट्यांवरून तपासतात. एक पट्टी म्हणजे सुमारे ०.२९ मायक्रॉन.

पण पंपातला दाब वाढला की तोच चकत्यांना आवळतो आणि घर्षण वाढतं. त्यावर उतारा म्हणजे बॅलन्स्ड सील. शाफ्टला किंवा स्लीव्हला एक पायरी देऊन, दाबाला ढकलायला मिळणारी जागाच कमी करायची. मला विचाराल तर सगळ्यात हुशार भाग हाच.

आणि हो, पाणी भरल्याशिवाय पंप चालू करू नका. कोरड्यात पापुद्रा राहत नाही, चकत्या तापतात आणि मग एकदम गार पाणी आलं की तडकतात.